दोन घड्याळांचं स्टेशन

मावशीने फोनवर बजावलं होतं, "स्टेशनच्या मोठ्या घड्याळाखाली उभी राहा. मुलगा निळ्या शर्टात असेल. आणि हे बघ, त्याच्या दातांकडे बघत बसू नकोस."

मी दातांची डॉक्टर. माणूस हसला की माझी नजर आधी तिथेच जाते, त्याला मी काय करणार?

घड्याळाखाली निळा शर्ट होता खरा. पण तो मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून वर घुमटाकडे बघत होता. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन त्याच्या गालावर सांडलं होतं... हिरवं, थोडं जांभळं.

"तुम्हीच ना?" मी विचारलं.

"हो. बरं झालं आलात, मी वाटच बघत होतो." तो हसला. दात छान होते. "आधी वर जाऊ या का? खरं तर जिना तुम्हीच दाखवायला हवा, पण चला."

मी का दाखवायचा, ते कळलं नाही. पहिल्याच भेटीत खुसपट नको म्हणून मी मुकाट्याने निघाले.

तो जिना मी येता-जाता खालून पाहिलेला, चढले मात्र कधीच नव्हते. दगडी पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आणि दुसऱ्या बाजूला खाली आधारच नाही. मी भिंतीला चिकटून चालले होते, तो मोकळ्या कडेने.

"किती वर्षं झाली तुम्हाला?" त्याने विचारलं.

वय असं विचारतात? "अठ्ठावीस."

तो थबकला. "अठ्ठावीस... वाटत नाही हं."

"थँक यू," मी म्हटलं. लाजले असेनही. तो मात्र माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत राहिला.

वर घुमटाभोवती अरुंद सज्जा होता. खांबांच्या माथ्यावर दगडाची पानं, पानांत दडलेली माकडं, पोपट. खालची माणसं मुंग्यांएवढी. तो कठड्याला टेकला आणि एकदम हळवा झाला.

"हिला मी याआधीही दोनदा बघून गेलोय. प्रेमात पडलोय म्हणा ना. पण आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, हिचं वय झालंय, आतून खचलीय... नाद सोड."

ही कोण आता? "मग मला कशाला बोलावलंत?" मी विचारलं.

"तुमचं मत घ्यायला. ही इमारत तुम्ही रोज बघता."

इमारत. मला एवढं हायसं का वाटलं, ते मला तेव्हा समजलं नाही. त्याने बोटाने दाखवलं. घुमटाला आतून पेलणाऱ्या दगडी फासळीवरून केसाएवढी भेग खाली उतरली होती. वरिष्ठांना तिच्याखाली सपाट छत ठोकून घुमट कायमचा झाकायचा होता.

"दाताला पडते तशीच आहे," मी म्हटलं. "प्रत्येक भेग मुळापर्यंत जात नाही. खोल किती गेलीय ते आधी बघा. मग झाकायचं की वाचवायचं ते ठरवा."

तो कठडा सोडून माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "असं मला कुणीच सांगितलं नव्हतं... पण दाताला? तुम्ही रेल्वेच्या गाईड ना?"

"नाही. तुम्ही मावशीने सुचवलेला मुलगा ना?"

मग त्याला खोकल्यासारखं हसू आलं.

"मी जुन्या इमारती दुरुस्त करतो," तो म्हणाला. "तुमचा मुलगा बहुतेक पलीकडे असेल. गोऱ्या साहेबांना बाकीच्यांबरोबर एका दारातून जायचं नव्हतं, म्हणून इथे सगळंच दोन-दोन बांधलंय. दोन दारं, दोन दालनं—"

"दोन घड्याळं?"

"दोन घड्याळं."

तेवढ्यात मावशीचा फोन आलाच. मी धापा टाकत जिना उतरले, मागे वळून बघायचं नाही असं ठरवून. तळाशी पोचल्यावर बघितलंच. तो कठड्यावरून वाकून बघत होता.

पलीकडचं दालन साधं, ठेंगणं, लाकडी छताचं. खरा मुलगा तिथे शांतपणे उभा होता. भूगोल शिकवायचा. उशिराबद्दल एका शब्दाने बोलला नाही. आम्ही चहा घेतला, त्याने विद्यार्थ्यांच्या गमती सांगितल्या, मी हसलेही. नाव ठेवायला जागाच नव्हती. मग माझं मन सारखं त्या सज्ज्यावर का चढत होतं?

"तुमचं लक्ष दुसरीकडे आहे," तो म्हणाला.

"कुठे आहे तेच मला कळत नाहीये," मी खरं ते सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. "मला तुम्ही आवडलात. पण असा गोंधळात दिलेला होकार मला नको. नीट विचार करा." एवढा चांगला माणूस, आणि माझ्यामुळे त्याचा चेहरा उतरला. मला स्वतःचाच राग आला.

पुढचे काही दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका आजोबांना मी डावीऐवजी उजवीकडे सुन्न करणारं इंजेक्शन द्यायला निघाले, तेव्हा त्यांनीच हात धरला. शेवटी मी मास्तरांना स्वतः फोन करून नाही म्हटलं. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." आवाज बारीक झाला होता.

घुमटाखालच्या त्या माणसाचं सांगितल्यावर मावशीने घर डोक्यावर घेतलं. "कोण आहे तो? घरचे कोण? राहतो कुठे?"

"माहीत नाही."

"मग माहीत काय आहे?"

"घुमट," मी म्हटलं. मावशीने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना लवकर बंद करून स्टेशनवर गेले. घुमटाखालच्या साहेबांच्या दालनात दोरी बांधलेली, आत बांबूंची परांची थेट छतापर्यंत. घुमट झाकला वाटतं. इतक्यात परांचीवरून धुळीने पांढरा झालेला एक माणूस उतरला आणि मला बघून शेवटची पायरी चुकला.

"भेग वरवरचीच निघाली," तो सावरत म्हणाला. "घुमट राहतोय. वरिष्ठांशी भांडलो त्यासाठी." मग धुळीचे हात उगाच पँटला पुसत राहिला. "तुम्ही गेल्यावर खरा गाईड आला. तासभर बोलला बिचारा. मला एक अक्षर ऐकू आलं नाही... मी त्या जिन्याकडे बघत होतो. तुमचं... तिकडे जमलं का?"

"नाही म्हटलं मी."

"का?"

"नीट सांगता येत नाहीये. सगळं उलटंपालटं झालंय. तुम्हाला मी ओळखतसुद्धा नाही, आणि तरी..."

"माझंही तसंच झालंय," तो म्हणाला. "तरीच्या पुढे मलाही काही सुचत नाहीये."

आम्ही दोघं दोरीच्या दोन बाजूंना उभे. लोक बॅगा घेऊन धावत होते, कुणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने दोरी वर उचलून धरली. मी वाकून आत गेले.

"हे काम किती दिवस चालेल?" मी विचारलं.

"मन लावून केलं तर वर्षभर. उरकून टाकलं तर सहा महिने."

"उरकू नका," मी म्हटलं.