चार ते सहाचा पहारा

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते रघुवीरमामा, माझ्या आईचे सख्खे भाऊ, अजून गिरगावातच राहतात. त्यांनी सांगितलं तसंच सांगते. पटलं तर बघा.

रात्रही नव्हती आणि अमावास्याही नव्हती.

२०२२ च्या श्रावणातला शुक्रवार. दुपारचे पावणेचार. जागा, फणसवाडीतला आमचा जुना भजनमठ.

मठ म्हणजे खाली एक हॉल आणि वर पोटमाळा. पोटमाळ्यावर दत्तारामकाका राहायचे. वय ब्याऐंशी. पहाटे पाणी भरणं, समई लावणं, काकड्याला वीणा जुळवून देणं, सगळं त्यांच्याकडे. मुलगी डोंबिवलीला. तिच्याकडे ते कधी गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दर श्रावणात सात दिवस अखंड नामाचा सप्ताह असतो. दोन-दोन तासांचे पहारे. पहारेकऱ्याने वीणा गळ्यात घालून देवापुढे उभं राहायचं आणि ‘रामकृष्णहरी’ म्हणत राहायचं. वेळ संपली की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. सात दिवस वीणा जमिनीला टेकता कामा नये. टेकली तर सप्ताह मोडला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत तो कधी मोडला नव्हता.

चार ते सहा हा काकांचा पहारा. चाळीस वर्षांचा. त्या वर्षी मामा मठाचे चिटणीस झाले आणि त्यांनी यादीतून काकांचं नाव काढलं. सप्ताह फोनवरून लाइव्ह दाखवायचा होता. काकांचा हात थरथरायचा, ते बरं दिसत नव्हतं.

“माझो पहारो कोणाक दिलंस रे रघू?” काकांनी विचारलं.

“मीच करतोय, काका. तुम्ही आराम करा आता.”

“वीणेक हात कळतत. तुझ्या कॅमेऱ्याक काय कळता?”

मामा हसले आणि कामाला लागले. या हसण्याचा त्यांना आज सगळ्यात जास्त राग येतो.

शुक्रवार हा सहावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन झालं की सप्ताह संपणार होता. पावणेचारला मामा काकांना चहा द्यायला वर गेले.

काका खाटेवर पडले होते. तोंड उघडं. एक हात खाली लोंबत होता.

“काका?”

काही नाही.

“काका, चहा...”

काहीच नाही.

काका गेले, असंच मामांना वाटलं. पण पुढचा विचार काकांचा नव्हता, सप्ताहाचा होता. मठात मयत म्हणजे सूतक. सूतक लागलं की वीणा खाली ठेवायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सप्ताह मोडला, आणि तोही आपण चिटणीस असताना!

मामांनी काकांना हात लावला नाही. नाडी बघितली नाही. नाकापुढे बोट धरलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं.

उद्या सकाळपर्यंतचाच प्रश्न होता.

चहाचा कप तसाच हातात घेऊन ते बाहेर आले. कुणी वर डोकावू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. खाली कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, “झोपलेत. उठवू नका.”

चार वाजता त्यांनी वीणा गळ्यात घेतली.

हॉलमध्ये दोनच माणसं होती. टाळाला वैभव आणि खांबाला टेकून बसलेल्या बकुळाआजी. लाइव्हचा फोन गरम होऊन बंद पडला होता.

रामकृष्णहरी... रामकृष्णहरी...

साडेचार वाजले असतील.

टक्...

टक्... टक्...

वरून आवाज आला.

मामांनी मनाला बजावलं, टाळ घुमतोय. जुनं लाकडी बांधकाम आहे, आवाज कुठूनही येतो.

टक्... टक्... टक्...

टाळाच्या ठेक्यात नव्हता तो. ठेका चुकवत होता. चाळीस वर्षं जो माणूस ठेक्याबाहेर गेला नाही, तो...

मामांनी पुढचा विचार केला नाही. वैभवला म्हणाले, “माईकचा आवाज वाढव रे.”

त्याने वाढवला. मामाही गळा फाडून नाम घेऊ लागले. बकुळाआजी म्हणाल्या, “वा रघुवीर, आज काय आवाज लागलाय!”

पाच-सव्वापाचला वरचा आवाज थांबला.

सहा वाजले. पुढचा पहारा अवधूतचा, तो नेपियन्सी रोडच्या ऑफिसातून यायचा होता. मामांचे खांदे भरून आले होते, डोळे मिटलेले होते. समोर कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं. त्यांनी सवयीने वीणा काढून समोरच्याच्या गळ्यात घातली आणि पाया पडायला वाकले.

वाकल्यावर डोळे उघडले.

पाय अवधूतचे नव्हते.

सुजलेले... म्हातारे... पांढरेफटक. हाताला बर्फासारखे लागले.

मामांना मान वर करवेना. किती वेळ ते तसेच वाकून होते, त्यांनाच ठाऊक नाही. मान वर केली तेव्हा समोर कुणीच नव्हतं.

वीणाही नव्हती.

“सॉरी सॉरी!” दारातून अवधूत धावत आला. “टॅक्सीच मिळेना. द्या... अहो, वीणा कुठेय?”

“दत्ताराम घेऊन गेले की,” बकुळाआजी म्हणाल्या. “वर गेले आत्ता. नाम घेत घेत.”

वैभवचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. त्याने काही बघितलं नव्हतं.

तेव्हा वरून आवाज आला...

वीणेची तार.

मामा जिना चढले. अवधूत मागोमाग येत होता, पण चार पायऱ्या खाली होता. म्हणून फक्त मामांनीच बघितलं.

कडी बाहेरून तशीच घातलेली होती.

त्यांनी ती काढली आणि दार ढकललं. दार जड लागलं. काका खाटेवर नव्हते. दाराशी, भिंतीला टेकून बसले होते. डोळे उघडे. वीणा गळ्यात. भोपळा मांडीवर, जमिनीला जराही न टेकलेला.

तार अजून थरथरत होती...

मामांनी पहिलं काय केलं माहितीये? काकांच्या गळ्यातून वीणा काढली आणि अवधूतच्या गळ्यात घातली. “नाम चालू ठेव,” म्हणाले. आणि मग काकांची नाडी बघितली.

अंग थंड पडलं होतं.

डॉक्टर आले. मामांना बाजूला घेऊन म्हणाले, “तास-दीड तास झालाय जाऊन. पाच-सव्वापाचला गेले असावेत.”

म्हणजे पावणेचारला काका जिवंत होते.

आणि सहाला ते नव्हते.

संध्याकाळी समितीची माणसं जमली. मामा मान खाली घालून बसले होते, आता सप्ताह मोडणार म्हणून. पण अध्यक्षांचे डोळे पाणावले. म्हणाले, “वीणा गळ्यात घेऊन गेला माणूस. हा सोहळा आहे. याला कसलं सूतक?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत विषय संपला. ज्या सुतकाच्या भीतीने मामांनी कडी घातली होती, ते कुणी मानलंच नाही.

काकांचा मोठा फोटो हॉलमध्ये लागला. गर्दी वाढली. लोक नवस बोलू लागले. कीर्तनकार प्रसंग रंगवून सांगू लागले आणि काकांना शेवटची वीणा देणारे भाग्यवान म्हणून लोक मामांच्याही पाया पडू लागले.

मामांची झोप उडाली. मरणाला ते घाबरत नाहीत, पण त्यांच्या पायाला कुणी हात लावला की ते झटकन पाय मागे घेतात.

यंदाच्या सप्ताहात शेवटी त्यांना राहवेना. काकांची मुलगी मृणालिनीताई दरवर्षी येते. तिला त्यांनी जिन्याखाली गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. चहा, कडी, वरचा आवाज... सगळं.

मामांना वाटलं, ती थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

ती शांतपणे म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय?”

“शेवटची आंघोळ घालताना पाणी मी ओतलं होतं, रघुवीरदादा. उजव्या हाताची बोटं सोलवटली होती त्यांची. दार ठोकल्याशिवाय अशी होतात का?”

“मग तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? एकदाही मी त्यांना घरी नेलं नव्हतं. जागा नाही म्हणून. नवऱ्याला आवडत नाही म्हणून. आणि इथे लोक त्यांना संत म्हणत होते. म्हटलं, जिवंतपणी नाही तर निदान आता...”

तिने डोळे पुसले. मग हळूच विचारलं, “पण कडी बाहेरून होती ना? मग वीणा आत कशी गेली?”

मामा खालच्या पायरीवर बसले.

“कुणाला सांगू नका हं,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी मामांना माईकवर बोलावलं, काकांनी वीणा कशी घेतली ते सांगायला. मी तिथेच होते. मृणालिनीताई पहिल्या रांगेत होती. मामा उभे राहिले, हात जोडले आणि त्यांनी सगळं सांगितलं. अगदी डोळ्यांत पाणी आणून. फक्त कडी सोडून.

लोक रडत होते. मृणालिनीताईसुद्धा.

घरी परतताना मामांनी मला खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून त्या मठात पाऊल टाकायची माझी हिंमत झालेली नाही. मामा मात्र रोज जातात. न जाऊन चालत नाही म्हणतात.