जागल्या पेशी

"केमो दिली तर क्षय तिला खाणार आणि क्षय बरा होईस्तोवर थांबलो तर लिम्फोमाचा कॅन्सर खाणार," डॉ. फरीद मुजावर म्हणाले. "एचआयव्हीनं हिच्या रक्तात लढायला कुणी शिल्लकच ठेवलेलं नाही. मृणालबाई, माझं तर डोकं चालत नाही."

डॉ. मृणाल सबनीस यांचं मात्र चाललं होतं आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. काचखोलीत निजलेल्या पद्माच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून त्यांनी नव्यानं घडवल्या होत्या. त्या एचआयव्हीला दाद देणार नव्हत्या आणि लिम्फोमाच्या गाठी फोडणार होत्या.

"पण अशा पेशी लवकर झोपी जातात," फरीद म्हणाले.

"म्हणून त्यांना हिच्याच क्षयाचा जंतू ओळखायला शिकवलंय. तो अंगात आहे तोवर या जागल्या पेशी जाग्या. तो संपला की त्या मरतात. मोकाट सुटू नयेत म्हणून ही कळ मीच ठेवलीय."

"म्हणजे क्षय बरा करायचाच नाही?"

"नुसता दाबून ठेवायचा. निम्म्या गोळ्या."

"नवऱ्याला सांगायला हवं."

"काय सांगू? क्षय अंगात ठेवून बायको जन्मभर काचेआड राहणार म्हणून? उद्या उचलून घरी नेईल. राहू दे हो!"

गाठी खरंच विरल्या. पद्मा उठून बसली, काचेला तळहात लावून लेकीशी, समूशी, हसूबोलू लागली. मृणालबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

कसलं काय! पावसाळा सरेस्तोवर गाठी दुप्पट जोरानं परतल्या. तपासणीत क्षयाचा एकही जंतू सापडला नाही आणि जागली पेशीही नाही.

"इरगोंडा, हिला काही दिलंत का?" मृणालबाईंनी पद्माच्या नवऱ्याला विचारलं.

इरगोंडा उसावर फवारणीचे ड्रोन उडवायचा. पद्माला क्षय लागला तो त्याच्यापासूनच. तो स्वतः औषधांनी बरा झाला होता.

"दिलं की!" तो छाती काढून म्हणाला. "मला चार गोळ्या हुत्या, हिला दोनच. एचआयव्हीची बाई म्हटलं की सगळीकडं अर्धंच मिळतंय मॅडम. बाळंतपणात कोण हात लावायला तयार नव्हतं. म्हणून ऱ्हायलेल्या दोन मी दुकानातनं आणून रोज डब्यातल्या आमटीत कुटून घातल्या. गेला का न्हाई क्षय?"

"गेला," मृणालबाई म्हणाल्या आणि मग त्यांना सगळं सांगावंच लागलं.

इरगोंडा काचेपाशी गेला आणि परत फिरला. "हे आधी का न्हाई सांगितलं?"

मृणालबाईंनी तपासणीचा कागद उलटा करून ठेवला.

"मग परत घाला की तो जंतू! माझ्यातला घ्या!"

"तुमचा बरा झालाय. आमच्याकडचा नमुना नियमाप्रमाणे जाळला. थोड्या पेशी गोठवून ठेवल्यात, पण त्या तुमच्या घरातलाच जंतू ओळखतात. दुसरा शिकवायला महिने लागतील. तेवढा वेळ पद्माकडे नाही."

काचेला नाक लावून उभी असलेली समू खोकली. मग पुन्हा खोकली, छातीतून, खोल.

मृणालबाई गर्रकन वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद फुलला होता आणि तो त्यांना लपवता आला नाही. आतून पद्मानं तो पाहिला आणि ती दोन्ही मुठी काचेवर आपटू लागली.

मृणालबाई नमुन्याची डबी घेऊन पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "आणखी एकदा खोक बघू, बाळा. जोरात."

इरगोंडानं देवापुढं जोडावेत तसे हात जोडले. पण पोरीला क्षय असू दे म्हणून मागावं की नसू दे म्हणून, ते त्याला कळेना.