नऊवर अडकलेला वारा

"नऊशे एक्कावन्न!" आयदुन फोन नाचवत ओरडला.

"खोटारड्या! नॉर्वेवाले नऊशे छप्पन्न म्हणतायत!" रागना उशी घेऊन त्याच्यावर धावली.

"माझा अंदाज डॅनिश आहे. डॅनिश कधी खोटं बोलतात का?"

"ते नसतील बोलत, पण वाचणारा तू आहेस ना!"

बाइन्ताने आपल्या दोन्ही दोस्तांचे फोन हिसकावून घेतले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने ख्रिसमसच्या भेटी गुंडाळायचा कागद उलटा चिकटवला होता. त्यावर तीन रकाने होते : डॅनिश, नॉर्वेजियन, युरोपीय. दर सहा तासांनी नवा अंदाज आला, की वादळाचं केंद्र कुठे, तिथला हवेचा दाब किती, वारा कोणत्या दिशेचा, हे ती त्यात लिहायची. मंगळवारी तिन्ही अंदाज वादळाला पार उत्तरेला पाठवत होते. बुधवारी एकाने मत बदललं. आज, सुट्टीच्या पाचव्या दिवशी सकाळी दहाला, तिन्ही अंदाज एकाच जागेवर बोट ठेवत होते. स्कार्वाविक गावावर. त्यांच्याच गावावर!

"दुपारी दोनला वारा वायव्येला फिरणार," बाइन्ता म्हणाली. "सेकंदाला चाळीस मीटर! त्यात माणूस उभा राहत नाही, आयदुन. उडतो."

"मग रागनाला बांधून ठेवू. ती तर दहा मीटरलाच उडेल."

बाइन्ता हसली नाही. साडेअकराला तिचे बाबा आणि आणखी तिघं बोट घेऊन समोरच्या बेटावर निघणार होते. अकरा एडके तिथे चरायला सोडले होते आणि नव्या वर्षाच्या आत त्यांना परत आणायचं होतं. फॅरो बेटांवर डिसेंबरात उजेड मिळतो चार-पाच तास, त्यामुळे जायचं तर दुपारीच. त्या अकरातला एक, काळा, एका कानाचा, बाइन्ताचा स्वतःचा होता. आई मेलेलं कोकरू तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

तिघं बोटघरात पोचली तेव्हा मंडळी वाळवलेल्या मटणाचे काप पावावर ठेवून खात बसली होती.

"बाबा, आज जाऊ नका."

बाबांनी, म्हणजे सामालने, चाकूचं टोक तिच्याकडे रोखलं. "आल्या! हवामान खात्याच्या मोठ्या बाई आल्या! काय गं, आज काय उडणार? चर्च?"

सगळे खदखदून हसले. नोव्हेंबरात बाइन्ताने असाच गलका केला होता. अख्ख्या गावाने बोटी साखळ्यांनी बांधल्या, छपरांवर दोर टाकले, आणि वादळ लांबूनच निघून गेलं. तेव्हा तिन्हींपैकी एकाच अंदाजावर ती बोंबलत सुटली होती. चूक तिचीच होती, आणि ती तिला पाठ झाली होती. गावालाही झाली होती!

"ह्या वेळी तिन्ही..."

"हे बघ." बाबांनी फोन तिच्या नाकासमोर धरला. "बंदराच्या टोकावरचा वारा. किती? नऊ! बाराच्या आत असला की बोट निघते. माझ्या आजोबांच्या वेळेपासून निघते. तुझ्या रंगीत नकाशांना विचारून निघत नाही."

"हवामान खात्याचा इशारा संध्याकाळनंतरचा आहे, पोरी," पॉल हानुस म्हणाला. बंदराची व्यवस्था त्याच्याकडे होती. "आणि समजा काही झालंच, वारा वीसच्या वर गेला की हा भोंगा आपोआप वाजतो. माणसं चुकतील, यंत्र चुकत नाही."

"जा, आईला भांडी घासू लाग," बाबा म्हणाले. "निदान तिथे तरी फोडशील तेवढंच नुकसान होईल!"

पुन्हा हशा पिकला. बाइन्ताचे कान पेटले. ती धाडकन दार लोटून बाहेर पडली.

"मला एक कळत नाही," रागना मागून धापा टाकत आली. "मघाशी मी बंदराच्या टोकावर गेले होते, तेव्हा माझी टोपी उडाली. म्हणजे अशी उडाली की समुद्रात! नऊच्या वाऱ्यात टोपी उडते?"

बाइन्ता थबकली. गाव डोंगराच्या आडोशाला होतं. नैर्ऋत्येचा वारा गावात कुणाला लागायचाच नाही. लागायचा तो फक्त बंदराच्या टोकावर. म्हणून तर वारा मोजायचं यंत्र तिथे बसवलं होतं!

"आयदुन, पलीकडच्या गावातलं यंत्र किती दाखवतंय?"

"चोवीस!" आयदुनचे डोळे विस्फारले. "आणि आपलं नऊ. थांब, मागचा महिना काढतो... अरेच्चा! हे बघ! नोव्हेंबरभर आलेख असा वेड्यासारखा वरखाली. आणि एक डिसेंबरच्या संध्याकाळपासून झोपलाय! मेल्यासारखा!"

"एक डिसेंबरला काय झालं?"

 तिघंही एकदम बंदराच्या टोकाकडे धावत सुटली!

एक डिसेंबरला गावात नाताळचे दिवे लागले होते. पॉल हानुसने स्वतः करवतीने कापलेला फळीचा तारा, माणसाएवढा उंच, बंदराच्या टोकावर चढवला होता. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. वीज होती ती फक्त वारा मोजणाऱ्या यंत्राच्या खांबावर, म्हणून तारा त्याच खांबावर बसवला. आणि दिसायला छान दिसावा म्हणून अगदी वर, यंत्राच्या वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांच्या बरोब्बर पुढे, नैर्ऋत्येच्या बाजूला! वारा ताऱ्यावर आपटत होता आणि वाट्या मागे आरामात लोळत होत्या.

"पॉल हानुसकाका!" आयदुन मागे वळून ओरडला. त्यांची धावपळ बघून पॉल हानुस मागोमाग येतच होता. "तुमचा तारा वारा अडवतोय! काढा तो!"

"ताऱ्याला हात लावलात तर हात मोडून ठेवीन!" तो गरजला. "पेपरात फोटो आलाय त्याचा! नाताळ संपायच्या आत तारा उतरवतात का कुणी? अपशकुनी कार्टी!"

तेवढ्यात इंजिनाची टकटक ऐकू आली. बोट सुटली होती! चौघं पुरुष, सुकाणूवर बाबा. टोकाला वळसा घातला की सामुद्रधुनी, आणि एकदा लाटा कुशीवर आल्या की त्या बोटीला वळता येत नव्हतं. हे गावातलं पाच वर्षांचं पोरही सांगेल.

"आयदुन, पाना!"

"माझ्याकडे कुठला पाना?"

"काकांच्या खिशात आहे!" रागना म्हणाली, आणि तिने पॉल हानुसच्या पोटात सरळ डोकं घातलं! तो खाली बसला, पाना ठणकन पडला. आयदुनने उचलून फेकला, बाइन्ताने झेलला आणि ती खांबाच्या लोखंडी पायऱ्या चढू लागली.

वर वारा कानफटात मारत होता. बोटं बधिर झाली. एक नट निघाला. दुसरा गंजलेला होता. तिने पान्यावर दोन्ही हात टाकून अंगाचा भार दिला, आणि बोटाचं कातडं सालपटासारखं निघून आलं. खाली बोट टोकापाशी पोचली होती.

"बाइन्ता!" बाबांचा आवाज आला. "उतर खाली! घरी ये, मग बघतो तुझ्याकडे!"

"बघा! पण घरी या!" ती किंचाळली.

नट सुटला. तारा खांबावरून उखडला, गरगरत बोटीच्या नाकावरून गेला आणि खडकावर आपटून त्याच्या चिंधड्या झाल्या. वाट्या क्षणभर दचकल्यासारख्या थांबल्या. मग वेड लागल्यासारख्या फिरू लागल्या.

बोटघरावरचा भोंगा ठणाणा करू लागला.

बाबांनी फोन काढून पाहिला. मग वर पाहिलं. तिच्याकडे नाही, बेटाकडे. तिथे एडक्यांचे ठिपके हलताना दिसत होते. बोट निघालेली बघून ते उतरायच्या जागेवर गोळा झाले होते. वीस मिनिटांचं अंतर! बाबांचा हात सुकाणूवर तसाच राहिला. बाइन्ताला वाटलं, जाणार. हा माणूस जाणार.

बोट वळली.

धक्क्याला लागताच बाबा तिच्यासमोर उभे राहिले. "एकोणतीस," ते म्हणाले. "आहे. दिसलं मला. आता त्या अकरांचं काय करायचं, ते पण सांग."

 बोट फिरली की एडके तिथेच अडकणार, हे खांबावर चढताना तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं.

दोनला पाच मिनिटं असताना वारा वायव्येला फिरला. गावात कुणी दार उघडू शकलं नाही. बाइन्ता खिडकीत दुर्बीण घेऊन बसली. एडके बेटाच्या उंच भागावर एकमेकांना चिकटून उभे होते. लाट यायची, सगळं पांढरं व्हायचं. मग नऊ दिसायचे. मग सात. काळा बराच वेळ दिसत होता.

"नको बघूस," आयदुन म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने विनोद केला नव्हता.

"बोट मी परत फिरवली. मीच बघणार."

तीनला अंधार पडला आणि बेट दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बोटघराचं अर्धं छप्पर गायब होतं आणि पलीकडच्या गावातली एक बोट बुडाल्याची बातमी आली होती. दोघं जण सापडले नव्हते. बाइन्ताची आई ते ऐकून खुर्चीत बसली, ती बराच वेळ उठलीच नाही.

दार वाजलं. दारात पॉल हानुस आणि बोटीतले दोघं उभे होते. पॉल हानुसच्या हातात टोपी होती.

"तो तारा मी बसवला," तो म्हणाला. "पेपरवाल्यांना सांगितलंय तसं. आणि तुलाही सांगायला आलो. त्या पान्याच्या भानगडीसकट."

"टाळ्या मीही वाजवल्या होत्या," बाबा आतून म्हणाले. ते बूट चढवत होते. "पुरे झालं. आत या, दार लावा."

सगळे आत आले. स्वयंपाकघर माणसांनी भरून गेलं.  बाबा भिंतीवरच्या कागदासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिन्ही रकाने वरपासून खालपर्यंत सावकाश वाचले.

"बेटावर जाऊन जे राहिलं असेल ते आणायचंय," ते म्हणाले. "कधी निघू?"

रागनाने आयदुनला चिमटा काढला. बाबा तिला विचारत होते! सगळ्यांच्या देखत!

बाइन्ताने पट्टी बांधलेल्या बोटाने शेवटची ओळ दाखवली. "साडेबारा. दीड तास मिळेल. दोनच्या आत परत. मीही येणार."

कुणी हसलं नाही.

"जाड मोजे घाल," बाबा म्हणाले, आणि बाकीच्यांकडे वळले. "ऐकलंत ना? साडेबारा!"