तिसरं पोर्ट

शिरे नदीकाठच्या पंपघरात नवा डबा बसवायचा होता. दोन नेटवर्क पोर्ट, चार सिरियल. एका सकाळचं काम. पहिल्या सिरियल पोर्टवर वरच्या मापविहिरीतल्या पाण्याची उंची मीटरमध्ये येणार, नेटवर्कवरून ती थेट जिल्ह्याच्या कचेरीत जाणार. बस्स. तरी माझा जीव सकाळपासून खालीवर होत होता, कारण गोलियाती काका त्या विहिरीत उतरले होते. सत्तावीस वर्षं तेच पट्टी वाचून उंची कळवायचे. आज दोर-बादलीनं गाळ काढत होते, दोन मैल वर, एकटे.

वॉकीटॉकी खरखरला. "तामांदानी, पोरी, कशी उठलीस?"

हे विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी कामाचं बोलत नाही, आणि काका तर मेले तरी बोलणार नाहीत.

"बरी उठले. तुम्ही?"

"तू बरी तर मीही बरा. आता सांग, तुझ्या डब्यानं माझी नोकरी गिळली का?"

"अजून तोंडच उघडत नाहीये मेला."

पहिलं पोर्ट लागलं. ०.४०. म्हणजे काकांच्या नडगीपर्यंत पाणी. तिसरं रिकामं होतं. रिकामं पोर्ट तपासायची आमची रीत साधी: दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडायच्या. मग आपण पाठवू तेच परत येतं. मी लॅपटॉपवरून माझं नाव पाठवलं.

परत आलं ०.९०.

पहिल्याच पोर्टची खिडकी उघडी राहिली असणार, म्हणून स्वतःलाच शिवी हासडली. राहिली नव्हती. मग तिसऱ्याचा वेग बदलून पाहिला. वेग चुकला की पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा येतो. तो आला नाही. १.६० आलं, अगदी स्वच्छ.

तार उपटून काढली. २.३०.

बाहेर कुणीतरी वाळत घातलेल्या उसिपा माशांचा वास खिडकीतून येत होता. सप्टेंबरचं कोरडं ऊन, ढगाचं नाव नाही. मी पहिल्या पोर्टकडे पाहिलं.

०.९०.

घड्याळ लावलं. तिसरं जे सांगत होतं, तेच पहिलं नऊ मिनिटांनी सांगत होतं. तेवढ्यात तिसरं ६.१० वर येऊन थांबलं. विहीर सहा मीटर खोल. मी वॉकीटॉकी उचलला.

"काका, वर या! आत्ताच्या आत्ता!"

"अगं, आधी कशी आहेस ते तरी..."

"मसणात गेलं ते! शिडी धरा!"

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. बहुधा म्हणूनच ते निघाले. पाण्याची खळखळ ऐकू आली, मग लोखंडी पायऱ्यांवर पाय, मग धाप.

पहिल्या पोर्टवर १.६०.

३.८०.

६.१०.

वॉकीटॉकीवर मी हाका मारत राहिले.

"वर आलोय," काका म्हणाले. "कठड्यावर बसलोय. वाचवलंस गं पोरी."

मी हमसून हमसून रडले.

"पण त्याला का नाही हाक मारलीस?"

"कोणाला?"

"खाली, पाण्याच्या तळाशी आहे तो. दोर हलवतोय. बादली ओढा म्हणतोय."

"काका, खाली कुणी नाही. दोर सोडा. लांब व्हा तिथून."

"सोडू कसा? माणूस बुडेल."

कप्पी कुरकुरत राहिली. मग थांबली.

"आली वर बादली. भरलीय."

"कशानं?"

बादलीची कडी वाजली.

"मातीनं," ते म्हणाले. "कोरड्या."