छातीभर हवा

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, पैज लावतो. माझ्या थापा लोकांनी आजवर डोळे मिटून गिळल्या. आयुष्यात एकदाच काय ते खरं घडलं, आणि नेमकं तेच कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

"झाली याची गाडी सुरू," धाकटी बहीण म्हणाली. आईला बघायला म्हणून ती दोन महिने इथे येऊन राहिली आहे. त्या दिवशी तिच्या सासरची चार माणसं आली होती. ती त्यांच्यासमोर उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती आणि मला श्रोते मिळाले होते.

"तू तुझे अभ्रे बघ," मी म्हणालो.

आमचे वडील पिशवीचा बाजा वाजवायचे. चामड्याची पिशवी, तिला फुंकायची एक नळी आणि सूर काढणाऱ्या दोन. फुगवायची, काखेत दाबायची आणि बोटं चालवायची. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी पिशवी फुगवली, नळीला बूच लावलं, "आलोच" म्हणून आत गेले आणि पलंगावर आडवे झाले ते झालेच. आईने बाजा आपल्या उशाशी ठेवला. "ह्यांचा श्वास आहे त्यात," म्हणायची. "बूच काढाल तर याद राखा."

मी चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केलेत. वॉशर कितीही चांगला असो, हवा नऊ वर्षं कोंडून राहत नाही. नऊ दिवससुद्धा नाही. पिशवी पुरती बसली नव्हती, हे मात्र खरं. चामडं ताठरलं असेल, असं म्हणून मी विषय मिटवला होता.

यंदा शिवणीवर भेग पडली आणि आईचं जेवण सुटलं. भेगेवर अंगठा दाबून नुसती बसून राहायची. "नीट करून आण," म्हणाली, "पण हवा जाता कामा नये." अठ्ठ्याऐंशीची बाई, चार दिवस निव्वळ पाण्यावर. आता हिच्याशी काय वाद घालणार?

असली वाद्यं शिवणारी एकच बाई आमच्या भागात उरली आहे. बादल्यांच्या दुकानावर तिची खोली. जिना इतका अरुंद, की बाजा छातीशी धरून मी आडवा चढलो. आत मेणाचा, तेलाचा, ओल्या कातड्याचा वास. भिंतीभर खुंट्यांना रिकाम्या पिशव्या, वाळत घातलेल्या बंड्यांसारख्या. बाईच्या ओठांत सुई. बोलायची ती दातांतून.

सायकलवाला ट्यूब बुडवतो तशी तिने पिशवी टबातल्या पाण्यात दाबली. बुडबुडा आला नाही. भेग तर माझं नख जाईल एवढी होती. बाई वाकून बघत राहिली. मग मलाही दिसलं. टबातलं पाणी काठापर्यंत चढत होतं, खाली सरत होतं. चढत होतं, सरत होतं.

"रस्त्यावरून ट्रक गेला असेल," मी म्हणालो.

"मधे अडकतंय," बाई म्हणाली. "दमा होता का वाजवणाऱ्यांना?"

होता.

तिने पिशवी पुसून मांडीवर घेतली. "भरलेलीला सुई लावली तर फाटेल. रिकामी करावी लागणार."

"रिकामी नाही करायची. आई जेवत नाहीये माझी."

ती जरा वेळ माझ्या छातीकडे बघत होती, शिंपी बघतो तशी. "मग तुम्ही धरा."

"काय धरू?"

"आतलं. मी कुणाच्या वाद्याला तोंड लावत नाही. ज्यांचं त्यांनीच फुंकायचं, ज्यांचं त्यांनीच ओढायचं. छातीभरच उरलंय. अकरा टाके होईस्तोवर धरा, मग परत सोडा."

मला हसू आलं. एवढ्याने आई जेवणार असेल तर आपल्या बापाचं काय जातंय, असं मनात आलं, आणि मग तेही बरं वाटेना. बूच काढलं, नळी तोंडात धरली, ओढलं.

हवा कोमट होती. तिला ओल्या लाकडाचा आणि खोकल्याच्या औषधाचा वास होता.

बाई शिवू लागली. तिसऱ्या टाक्याला माझी डावी टाच जमिनीवर ठेका धरू लागली. मला ताल कशाशी खातात ते ठाऊक नाही. शाळेत मला टाळ्या वाजवायलाही उभं करत नसत.

सातव्याला बोटं गुडघ्यावर चालू लागली.

नवव्याला दोरा तुटला. बाईने घाई केली नाही. नवा दोरा घेतला, मेणावरून ओढला, ओवला.

समोर घड्याळ होतं. चार मिनिटं झाली. पाच झाली.

माझा जीव गुदमरत नव्हता. तेच मला आवडलं नाही.

अकरावा.

"सोडा," बाई म्हणाली.

"आणि मी सोडला," मी पाहुण्यांना सांगितलं. "सगळा. टिपूस मागे ठेवला नाही. बूच मारलं, बाजा घरी आणला. आईने पिशवीवरून हात फिरवला, 'आहेत' म्हणाली, आणि दोन्ही वेळ पोटभर जेवली."

बहिणीचा हात अभ्र्यावर थांबला.

"खोटं," ती म्हणाली.

"काय खोटं? जेवली नाही आई?"

"जेवली. पण पिशवीला हात लावला आणि लगेच मला म्हणाली, माळ्यावर टाक ही. तिथेच पडलीये, पोळपाटासारखी चपटी." तिने पाहुण्यांकडे पाहिलं नाही. "दादा, दुपारी तू झोपलास की आई तुझ्याजवळ येऊन बसते. छातीवर तळवा ठेवते आणि हळूच 'अहो' म्हणते. तू झोपेतच ओ देतोस."