चालू कॉम्प्युटरातली चिप

श्यू-लानने त्या अनोळखी माणसाची बाहीच धरली. तैपेच्या क्वांगहुआ कॉम्प्युटर-बाजारात, भर गर्दीत. पण करणार काय बिचारी? त्याच्या काखेतल्या उघड्या कॉम्प्युटरात अगदी तिच्याकडचाच जुनाट मदरबोर्ड दिसत होता.

"अहो, थांबा… हा जरा उसना द्याल?"

"कॉम्प्युटर… की मी?"

त्याचं नाव बो-जुन. बिघडलेला पंखा बदलून घरी निघाला होता. ती लाजली, आणि मग भडाभडा बोलून मोकळी झाली. मावशीच्या कारखान्यातलं भरतकामाचं यंत्र असल्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्याला मोठी डिस्क चालावी म्हणून हिने हौसेने त्याचा बायोस बदलला. कॉम्प्युटरला जागं करतो तो बायोसच बिघडला, आणि कॉम्प्युटर उठायचं नाव घेईना. माझूदेवीची मिरवणूक तोंडावर, देवीचं वस्त्र अर्धवट, आणि बायोसची चिप दुरुस्त करणारा दुकानदार पितरांच्या सणाला गावी गेलेला.

"तुमचा चालू करायचा," ती म्हणाली, "चालू असतानाच चिप उपसायची, तिथे माझी बसवायची आणि तिच्यावर मूळ बायोस लिहायचा."

"मग माझा बंद पडेल की."

"एकदा जागा झाला की त्याला चिप लागत नाही. पण माझा हात चुकला तर… दोन्ही जातील. खोटं कशाला सांगू?"

बो-जुनने कॉम्प्युटर काखेत घट्ट आवळला. संध्याकाळी देवळापुढे त्याच्या वडिलांचा बाहुल्यांचा खेळ होता. ढोल, गाणी, लढाईचे आवाज, सगळं ह्याच कॉम्प्युटरात.

"मग राहू दे," ती पुटपुटली.

"मी नाही म्हटलंय का?"

चहाच्या टपरीवरचं टेबल त्यांनी अडवलं, शेजारच्या दुकानातून पडदा, कीबोर्ड आणि वीज उसनी घेतली. चिप सरळ वर ओढायला बारीक, चिवट दोरा हवा होता. बो-जुनने पाकिटातून लाल दोरा काढला. श्यू-लान बघतच राहिली. लग्नं जुळवणाऱ्या चांदोबाआजोबांच्या देवळातला होता तो.

"हा हरवला की बायको मिळते म्हणतात…"

"आईने दिलाय. कधीचा नुसता बसून आहे. लागू दे कामाला."

तिने मान खाली घालून दोरा चिपखालून ओवला, चिप थोडी सैल केली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. तिने श्वास रोखून दोरा ओढला. चिप अलगद वर आली… आणि कॉम्प्युटर चालूच. पडद्यावरची रेघ लुकलुकतच राहिली. हे तिने कितीदा वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा आला.

"आईशप्पथ," बो-जुन कुजबुजला, "काळीज काढलं तरी जिवंत?"

तिने पर्समधली आपली चिप तिथे दाबून बसवली आणि सोबत आणलेला मूळ बायोस तिच्यावर लिहायला घेतला. आकडे हळूहळू वर सरकले, नव्वद, शंभर. लिहून झालं. देवीचं वस्त्र आता पुरं होणार होतं. पण खरी परीक्षा पुढेच होती. कॉम्प्युटर बंद करून तिने त्याची चिप परत बसवली आणि त्याने बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा मात्र काळा… काळाच. ह्या माणसाने बापाचा खेळ तिच्या हवाली केला होता, कसलीही हमी न मागता.

तेवढ्यात बारीक टुक वाजलं आणि पडदा उजळला.

"झाला एकदाचा सुरू," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझा हात किती कापत होता, दिसत होतं ना तुम्हाला? तरी का दिलात?"

"कापत होता म्हणूनच दिला. बिनधास्त असता ना, तर हातही लावू दिला नसता. आता बघ तरी त्या हाताकडे."

तिने खाली पाहिलं. कधी कोण जाणे, तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. हात आता मुळीच कापत नव्हता, आणि तिने तो काढूनही घेतला नाही.