सरांनी फुकटात उघडलेली फाईल

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

ढाक्यात नीलखेतला माझं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. चैत्रातली भर दुपार होती. अमावस्या नव्हती, काळोख नव्हता. ज्यांची भुतं रात्रीच येतात त्यांचं मला माहीत नाही.

मोसाद्दिक सर आले. विद्यापीठात शिकवतात. गाडी थेट दाराशी लावली, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून.

"लुत्फा आपा, ही पीडीएफ वर्डमध्ये करून द्या. थोड्या दुरुस्त्या करायच्यात."

मी फाईल उघडली. पहिल्याच पानावर नाव होतं...

तहुरा खातून.

तहुरा बरिशालकडची. नदीवरच्या बायकांची गाणी गोळा करत गावोगाव हिंडली आणि त्यावर प्रबंध लिहिला. तोही माझ्याच दुकानात, भिंतीकडच्या कॉम्प्युटरवर बसून. टाइप करताना प्रत्येक ओळ हळूच पुटपुटायची.

सर तिचे मार्गदर्शक. मार्गदर्शन काय, तर चारचौघांत तिच्या बोलीची नक्कल करायची. तिच्या तोंडी 'स'चा 'ह' व्हायचा. "सापाला हाप म्हणते आणि हिला डॉक्टर व्हायचंय," हे त्यांनी माझ्या काउंटरला टेकून, तिच्या देखत म्हटलं होतं. ती मान खाली घालून टाइप करत राहिली.

प्रबंधावर सही मात्र दिली नाही. आज बघतो, उद्या बघतो. त्यातच तिला डेंग्यू झाला.

गेली.

"सर, हे तर तहुराचं आहे," मी म्हटलं.

"मग? ती येणार आहे का परत मागायला?"

असल्या माणसाशी काय बोलायचं? मी एवढंच म्हटलं, "वर्डमध्ये होणार नाही. या जुन्या फॉन्टचं बंगाली फुटतं. अक्षरांचा नुसता चिवडा होतो. नव्यानं टाइप करावं लागेल."

"तुम्हा दुकानदारांना गिऱ्हाईक कापायचंच सुचतं. ऑनलाइन फुकट होतं सगळं. सरका, मीच करतो."

चोरीचा माल, तोही फुकटात हवा. मी कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला. म्हटलं, होऊ दे चिवडा, मग हसते.

सरांनी फाईल चढवली. चहा मागवला. थोड्या वेळानं वर्डची फाईल उतरली.

एकही अक्षर फुटलं नव्हतं...

इतकी वर्षं हा धंदा करतेय. त्या फॉन्टचं असं झालेलं मी कधी पाहिलं नाही.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "शिका जरा."

त्यांनी तहुराचं नाव खोडलं. तिथे स्वतःचं घातलं. मग ऐटीत कप तोंडाला लावला.

आणि आवाज आला...

टक. टक टक.

सरांच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी.

आवाज भिंतीकडून येत होता. तिथला कॉम्प्युटर बंद होता. खुर्ची रिकामी होती.

"उंदीर पाळलेत वाटतं," सर म्हणाले.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. शेजारचं झेरॉक्स मशीन थांबलं. मग रस्ताही गप्प झाला. नीलखेतला भर दुपारी रिक्षाची घंटी नाही, कुणाची हाक नाही, असं होतच नाही.

तेव्हा झालं.

टक टक... टक.

आणि त्याच्यासोबत कुणीतरी हळूच पुटपुटत होतं...

मी तो आवाज ओळखला. सरांनीही ओळखला असणार, कारण कप खाली ठेवून ते त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. पण वीज आली, रस्ता बोलायला लागला, आणि या गृहस्थांनी काय करावं? फाईल पेन ड्राइव्हमध्ये भरली आणि निघाले. चहाचे पैसेसुद्धा मीच दिले.

पुढच्या आठवड्यात त्याच संशोधनावर सरांचं व्याख्यान ठरलं. मी तहुराच्या आईला, खालाम्मांना, बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर उभं राहून जाब विचारायचा, असं ठरवून आम्ही दोघी मागे बसलो. खालाम्मा पदराचं टोक मुठीत धरून होत्या.

सर उठले. घसा साफ केला. कागद वर धरला.

ओठ हलले...

आवाज आलाच नाही.

मग आला. पण तो सरांचा नव्हता. मुलीचा होता. 'स'चा 'ह' करणारा.

पुढच्या रांगेतले लोक हसले. सरांच्या नकला सगळ्यांना माहीत होत्या. मग तो आवाज नदीवरचं गाणं म्हणू लागला. सरांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. डोळे बाहेर आले होते.

गाणं थांबलं नाही.

आता कुणी हसत नव्हतं.

खालाम्मा उभ्या राहिल्या. "तहुरा?"

गाणं तुटलं. सरांनी मान वळवली, म्हणजे ती कुणीतरी वळवली असं मला वाटलं.

"मा, जेवलीस का गं?"

"जेवले," खालाम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही कापला नाही. "तू?"

सर तिथेच कोसळले.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. विभागानं चौकशी केली आणि प्रबंधावर तहुराचं नाव परत आलं. जे साहेब त्या दिवशी हसले होते, त्यांनीच तिच्या बुद्धीवर भाषण ठोकलं. मेल्यावर बरं ओळखलं तिला.

सरांनी तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही. बायकोशीसुद्धा खुणांनी बोलतात. चांगली अद्दल घडली, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले.

मग परवा त्यांची बायको दुकानात आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"आपा, ते ओठ घट्ट मिटून बसलेले असतात. आमची धाकटी लेक त्यांच्या छातीला कान लावते आणि तासन् तास हुंकार देत राहते. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. खोलीत आम्हाला काहीच ऐकू येत नाही."

"विचारलंत का, काय ऐकतेस म्हणून?"

"विचारलं. म्हणाली, अब्बांच्या आतली आपा बोलावतेय. नदीवर चल म्हणतेय."

तहुरा माझी लाडकी होती.

पण त्या लेकरानं तिचं काय वाकडं केलं होतं...